गिटार क्लिनिकला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी मुलुंडला गिटारचे वर्ग, असं माझं बरीच वर्षं चाललंय. आपल्या आवडीचा कुणी मोठा वादक मुंबईत क्लिनिक घेणार अशी बातमी आली की त्या आठवड्यात वर्गात शिकवणं होत नाही, प्रश्नोत्तरं होतात. विद्यार्थ्यांचे प्रश्न वेगळे, त्यांच्या आईवडिलांचे वेगळे. एकदाच सगळं लिहून काढलं. वादकांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. नाव घेतलं की कोण श्रेष्ठ यावर अर्धा तास जातो.

क्लिनिक म्हणजे नक्की काय? दवाखाना?

माझ्या मावशीने हाच प्रश्न विचारला होता, आणि तोही काळजीने. आपल्याकडे शास्त्रीय संगीतात ज्याला सप्रयोग व्याख्यान म्हणतात, त्याचाच हा गिटारवाला भाऊ. वादक दोन-तीन गोष्टी वाजवतो, मग थांबून हे असं का वाजवलं ते उलगडतो, पुन्हा वाजवतो आणि शेवटी लोकांचे प्रश्न घेतो. साधारण दीड-दोन तास.

ही प्रथा रुजवली वाद्यांच्या धंद्याने. गिटार, ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र), पेडल (पायाने दाबून आवाज बदलायची डबी) बनवणाऱ्या कंपन्या आपला वादक गावोगावच्या दुकानांत पाठवायच्या, अजूनही पाठवतात. त्यामुळे मधली दहा मिनिटं एखाद्या ॲम्पची तारीफ ऐकावी लागली तर चिडू नका. तुमचं तिकीट स्वस्त किंवा फुकट आहे ते बहुधा त्याच दहा मिनिटांमुळे.

मास्टरक्लास वेगळा. तिथे निवडक विद्यार्थी वाजवतात आणि पाहुणा त्यांना सर्वांसमक्ष दुरुस्त करतो. वर्कशॉपमध्ये सगळेच वाद्य घेऊन बसतात. जाहिरात लिहिणारे मात्र हे तिन्ही शब्द मनाला येतील तसे वापरतात. म्हणून फोन करून एवढंच विचारा, ‘गिटार आणायची का?’ उत्तरावरून कार्यक्रमाचा प्रकार कळतो.

मला जेमतेम चार कॉर्ड येतात. जाऊ का?

जा. कॉर्ड बदलताना लय सुटत नसेल तर तुम्हाला घेण्यासारखं तिथे भरपूर आहे. फक्त जाण्याआधी आठवडाभर त्या माणसाचं वाजवणं ऐका. एखादीच गोष्ट ऐका, पण तोंडपाठ होईस्तोवर. तिथे तो तीच गोष्ट वेगळी वाजवतो तेव्हा वेगळेपण कळायला आधीची डोक्यात असावी लागते.

मुंबईत हे होतं कुठे? कळतं कसं?

वाद्यांची दुकानं, संगीतशाळा आणि छोटी सभागृहं. धोबी तलावचं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं. लोअर परळची ट्रू स्कूल ऑफ म्युझिक, नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र, वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज सभागृह या जागांवर लक्ष ठेवा आणि त्यांची समाजमाध्यमांवरची पानं जोडून घ्या. माझ्या वेळी अशा बातम्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कॅसेटी चाळताना शेजारच्याकडून कळायच्या. ते दुकान २०१६ साली बंद झालं. आता बातमी लवकर कळते आणि जागाही तितक्याच लवकर भरतात.

क्लिनिक धोबी तलावला असेल तर आधी कयानी या इराण्याकडे बनमस्का खाऊन घ्या. १९०४ पासूनची जागा आहे. रिकाम्या पोटी दोन तास मोडल हार्मनी ऐकणं कुणालाच झेपत नाही.

कुठे बसायचं?

सगळे धावतात पहिल्या रांगेच्या मधोमध. तुम्ही प्रेक्षकांच्या डाव्या बाजूला बसा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत.

कारण सांगतो. उजव्या हाताने वाजवणारा वादक आपल्याकडे तोंड करून बसला की गिटारची मान आपल्या उजवीकडे जाते. बहुतेक वादक ती मान सरळ आडवी न धरता किंचित पुढे काढून धरतात. त्यामुळे फ्रेटची पट्टी, म्हणजे मानेची बोटं दाबायची बाजू, थोडी आपल्या डावीकडे वळते. डावीकडे बसलेल्याला पट्टी उघडी दिसते आणि तार छेडायची पिक धरलेला हातही जवळ पडतो. उजवीकडे बसलेल्याला मुख्यतः हेडस्टॉक (मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) आणि बोटांच्या पाठी दिसतात. वादक डावखुरा असेल तर हे सगळं उलटं.

आणि बघायचं ते पिकच्या हाताकडे. डावा हात काय करतो ते कुठल्याही व्हिडिओत दिसतं, त्याचं नोटेशनही मिळतं. उजव्या हाताचं मनगट गिटारला टेकलंय की अधांतरी आहे, पिक तारेवर सपाट पडते की तिरकी, नको त्या तारा तळहाताच्या कडेने कशा दाबून ठेवल्यात, हे कागदावर येत नाही. मी पहिल्या दोन क्लिनिकमध्ये डाव्या हाताकडे बघत बसलो आणि घरी येऊन तेच तेच चुकीच्या आवाजात वाजवत राहिलो.

गिटार न्यायची असेल तर लोकलने कशी नेऊ?

पाठीवर लावून गर्दीच्या गाडीत चढू नका. हेडस्टॉक तुमच्या डोक्याच्या वर येतो आणि दाराच्या वरच्या कडेला आपटतो. मागच्यांच्या शिव्या वेगळ्या. उतरवून पुढे घ्या, उभी धरा, मान वर, आणि डब्यात शिरल्यावर आतल्या कोपऱ्याला गाठा. क्लिनिक बऱ्याचदा रविवारी असतं, म्हणजे मेगाब्लॉक असतो. आदल्या रात्री वेळापत्रक बघा. ठाणे-डोंबिवलीकरांनी तर हमखास बघावं. माझे दोन विद्यार्थी एकदा कुर्ल्याला अडकले आणि कार्यक्रम संपताना पोचले.

जून ते सप्टेंबर गिगबॅगवर पावसाळी कव्हर हवं. नसेल तर कचऱ्याची मोठी काळी पिशवी. दिसायला वाईट, पण लाकूड कोरडं राहतं.

सभागृहात शिरल्या शिरल्या सूर लावू नका. बाहेरच्या उकाड्यातून एसीत गेलात की धातूच्या तारा आखडतात, ताण वाढतो आणि सूर चढतो. वीस मिनिटं वाद्य आतल्या हवेला सरावू द्या, मग लावा. पाहुणा मंचावर दर दोन गाण्यांनंतर सूर तपासतो तो दिखावा नसतो. त्याच्या डोक्यावर दिवे तापतात आणि त्याच्या तारा उतरत असतात.

प्रश्न काय विचारू?

आधी माझी फजिती ऐका. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका क्लिनिकमध्ये माझ्या हातात माइक आला. मी सुरुवात केली ती मी त्यांना केव्हापासून ऐकतो इथून. मग माझा प्रवास, मग आमच्या बँडची कहाणी. प्रश्न येईपर्यंत मी काय विचारणार होतो तेच विसरलो, आणि तोंडातून निघालं, ‘तुम्ही रोज किती तास रियाज करता?’ त्यांनी हसून सांगितलं की घरी असले तर दोन तास. पुढच्याच्या हातात माइक गेला. घरी येताना दादरपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होतो.

‘किती तास’, ‘कुठली गिटार’, ‘प्रेरणा कुठून मिळते’ हे तीन प्रश्न प्रत्येक क्लिनिकमध्ये कुणीतरी विचारतंच. तुम्ही ते त्या कुणासाठी सोडून द्या. प्रश्न अरुंद हवा. तुम्हाला अडलेली एकच जागा घ्या. ‘वेग वाढला की माझी पिक तारेत अडकते, काय बघू?’ किंवा ‘त्या अमुक गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी तुम्ही एक बार (एक आवर्तन) काहीच वाजवत नाही, ते ठरवून का?’ असा प्रश्न आला की वादक खुर्चीत पुढे सरकून बसतो. रोज त्याला तीच तीन उत्तरं द्यावी लागतात, त्यालाही कंटाळा येतो.

कागदावर दोन ओळींत लिहून न्या. दोन ओळींत मावला नाही तर तो प्रश्न नाही, भाषण आहे.

माझं इंग्रजी कच्चं आहे. सगळ्यांसमोर हसं होईल.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि जवळजवळ नेहमी मराठी माध्यमातल्या, चांगलं वाजवणाऱ्या मुलांकडून.

पाहुणा आपल्याकडचा असेल तर हिंदीत विचारा, मराठी कळत असेल तर मराठीत विचारा, विषय संपला. परदेशी असेल तर लक्षात घ्या की तोसुद्धा टोकियोला, साओ पावलोला, इस्तंबूलला अशीच क्लिनिकं घेत आलेला असतो. तुटकं इंग्रजी त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्याला वाक्यरचनेशी देणंघेणं नसतं.

आणि तुमच्याकडे दुसरी भाषा आहेच. एका क्लिनिकमध्ये कळव्याहून आलेला एक मुलगा उठला, म्हणाला, ‘सर, धिस,’ आणि तोंडाने एका ओळीचे सूर म्हणून दाखवले. आपण हार्मोनियमच्या वर्गात म्हणतो तसे, सारेगमच्या नावांनी. शेवटच्या सुरावर हात हवेत वर नेऊन म्हणाला, ‘हाऊ?’ पाहुण्याने गिटार उचलली, ती ओळ वाजवली, आणि शेवटचा सूर खालच्या फ्रेटवरून तार ओढून कसा गाठायचा ते तीन वेळा संथ करून दाखवलं. तार ओढताना एकट्या बोटावर जोर न देता मनगट फिरवायचं आणि मागची दोन बोटं आधाराला ठेवायची, हे त्या दिवशी साठेक जणांना कळलं. अस्खलित इंग्रजीत विचारलेले बाकीचे प्रश्न मला आठवत नाहीत.

ते मिक्सोलिडियन, डोरियन वगैरे बोलतात तेव्हा डोक्यावरून जातं.

तुम्ही लहानपणी पेटी किंवा गाणं शिकला असाल तर निम्मं काम झालेलं आहे. वाळकेश्वरला जन्मलेल्या पं. भातखंड्यांनी जे दहा थाट मांडले, त्यातले सहा पाश्चात्त्य मोडशी, म्हणजे त्यांच्याकडच्या सात सुरांच्या साच्यांशी, सुरांपुरते तंतोतंत जुळतात. आयोनियन म्हणजे बिलावल, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि एओलियन म्हणजे आसावरी. सातवा लोक्रियन आपल्या थाटांत बसत नाही, कारण त्यात शुद्ध पंचमच नाही.

रॉक आणि ब्लूजवाले ज्यावर जगतात ती मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानी रागाचे सूर. मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे भूप. सुरांपुरतं म्हणतोय. रागाचं चलन ही निराळी गोष्ट आहे. तेव्हा तिथे उठून ‘हा तर आमचा खमाज’ असं सांगू नका. असं सांगणारे एक काका प्रत्येक क्लिनिकमध्ये असतात.

आकड्यांची भाषाही सोपी आहे. ‘वन-फोर-फाइव्ह’ म्हणजे सा, म आणि प यांवर उभ्या केलेल्या कॉर्ड. सी पट्टीत सी, एफ, जी. ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणजे डी मायनर, जी, सी. आणि सात मात्रांचं काही वाजवायला लागले तर घाबरू नका, रूपक मोजा. त्यांचे गट कधी तीन-दोन-दोन असतात, कधी दोन-दोन-तीन. सुरुवातीचा गट तीनचा की दोनचा एवढं पकडलं की पाय आपोआप पडायला लागतो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालतं?

विचारल्याशिवाय नाही. सादरीकरणावर कलाकाराचा स्वतंत्र हक्क असतो, आपल्या कॉपीराइट कायद्यात त्याची तरतूद आहे. परवानगी मिळाली तरी सबंध दोन तास फोन वर धरू नका. मागे बसलेल्याने तुमच्या फोनचा पडदा बघायला पैसे भरलेले नसतात. वही न्या. चौकटी काढलेली कॉर्ड चार्टची पानं असतील तर उत्तम.

आवाज फार असतो का? कान दुखतात.

छोट्या खोलीत ॲम्प समोर असेल तर असतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो असा हिशोब धरतात. म्हणजे ९७ डेसिबलला अर्धाच तास. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळ्या सुरांचा आवाज सारखाच कमी करतात. कापूस घालू नका, वरचे सूर गिळतो आणि सगळं घोंगडं पांघरल्यासारखं ऐकू येतं.

पाहुण्यांच्या पाया पडावं का?

आपल्याकडचे ज्येष्ठ असतील तर खुशाल पडा. परदेशी माणूस दचकतो. एकदा एकाने, काहीतरी पडलं असेल म्हणून, स्वतःही खाली वाकून शोधायला सुरुवात केली होती. हात मिळवला तरी चालतो, पण जोरात दाबू नका. त्याचं पोट त्या हातावर आहे.

सही हवी असेल तर कायमस्वरूपी शाईचा मार्कर स्वतःचा न्या. गिटारच्या चकचकीत अंगावरची सही रोजच्या घासण्याने उडते. पिकगार्ड (पिकच्या ओरखड्यांपासून लाकूड वाचवणारी पट्टी) काढून त्यावर घ्या आणि मग ते फ्रेम करा, नवं पिकगार्ड स्वस्तात येतं. फ्रेटच्या पट्टीवर सही मागणाऱ्याला मी वर्गात घेत नाही.

मुलाचं दहावीचं वर्ष आहे. पाठवू का?

दोन तासांनी दहावी बुडत नाही. तुम्हीही आत बसा, कुणी अडवत नाही. मात्र घरी आल्यावर ‘ते बघ किती मेहनत करतात’ हे वाक्य बोलू नका. त्याने ते बघितलेलं असतं.

त्यांनी वापरलेलं पेडल बाहेरच्या टेबलावर विकायला आहे. घेऊ?

त्या दिवशी घेऊ नका. आठवड्याने घ्या, तेव्हाही हवंसं वाटलं तर.

मी ज्या पाहुण्याला कॉलेजपासून ऐकत आलो, त्यांच्या क्लिनिकला पहिल्यांदा डावीकडे बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली. उजव्या हाताची करंगळी सतत व्हॉल्यूमच्या नॉबवर होती. ओळ सुरू होताना नॉब सहा-सातवर, ओळ चढली की दहावर, संपताना पुन्हा खाली. पाय एकदाही पेडलकडे गेला नाही. ॲम्प आधीच आवाज थोडा फुटेल इतका चढवून ठेवलेला. नॉब खाली आणला की आवाज स्वच्छ, वर नेला की खरखरीत. इतकी वर्षं मी ज्या बदलाला तीन पेडल समजत होतो तो करंगळीचा खेळ होता.

मी घरी येऊन करून बघितलं तर नॉब खाली आणल्यावर आवाज मंद आणि मातकट व्हायचा. त्याचंही कारण आहे. व्हॉल्यूमचा रोध आणि केबलमध्ये साठणारा विद्युतभार मिळून वरचे सूर गाळतात. नॉबच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या जोडांमध्ये एक छोटा कपॅसिटर जोडला की ते सूर वाट काढतात. त्याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. लॅमिंग्टन रोडला तो पेडलच्या किमतीच्या तुलनेत फुकटात मिळतो. जोडून घेतला, आणि मग पुढचे सहा महिने फक्त करंगळी वळवायला गेले.

क्लिनिक फसलं तर?

फसतं कधी कधी. एका ठिकाणी आम्ही दीड तास जिन्यात उभे होतो. आत गेल्यावर कळलं की ॲम्पची वायर सदोष आहे, आणि पाहुणा चाळीस मिनिटं नुसता बोलला. आयोजकांचं नाव सांगत नाही, माणसं प्रामाणिक होती, तयारी नव्हती. पण वायर बदलेपर्यंत तो माणूस ॲम्पशिवाय, इलेक्ट्रिक गिटारच्या कोरड्या आवाजात, पुटपुटल्यासारखा काहीतरी वाजवत राहिला होता. पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं वाजवणं तेच होतं.

घरी आल्यावर काय करू?

त्याच रात्री, झोपायच्या आधी, वहीतल्या पानावरची एकच गोष्ट निवडा आणि बाकीच्यांवर काट मारा. दहा गोष्टी घेऊन आलेले माझे विद्यार्थी पंधरा दिवसांत होते तिथेच परत येतात. नवीन गोष्ट आधी मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांच्या गतीला वाजवा. तिथे नीट बसली नाही तर १२० ला बसल्याचा भास होईल, बसणार नाही.

तुम्ही तुमच्या आवडत्या वादकाला भेटलात तेव्हा काय बोललात?

करंगळीवाल्यांना ना? रांगेत पाऊण तास उभा होतो. चार वाक्यं पाठ केली होती. माझी पाळी आली तेव्हा तेच म्हणाले, ‘आलात, बरं वाटलं.’ मी म्हणालो, ‘ओके.’ त्यांनी खिशातून पिक काढून दिली आणि मागच्याकडे वळले. ती पिक अजून पाकिटात आहे, एटीएम कार्डाच्या मागे. वाजवायला वापरत नाही, माझ्या हाताला फार जाड पडते.